भिंतीला वाचून दाखवलेलं इंग्रजी

दहावीच्या परीक्षेला शेजारच्या गावातल्या हायस्कुलात बाकं कमी पडली आणि त्यांनी आमच्या शाळेतली मागून नेली. पाथर्डी तालुक्यातल्या एका लहान गावात मी तेव्हा सातवीला इंग्रजी शिकवत होते. सकाळी शेवगावहून येणाऱ्या जीपमधून उतरले, तर बाकं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढलेली आणि माझा वर्ग बोडका. उरलं काय, तर एक टेबल, एक खुर्ची आणि फळा. पोरं मात्र भलतीच खूश.

"मॅडम, आमी कुठं बसायचं?"

"बसा कुठंही," मी वैतागून म्हणाले.

मला वाटलं, आपोआप रांगा करतील. पण तिघं खिडकीच्या कट्ट्यावर चढली, दोघी टेबलाखाली शिरल्या, काहीजण तांदळाची रिकामी पोती पसरून पालथी पडली. आणि एक मुलगी कोपऱ्यात, माझ्याकडे चक्क पाठ करून, भिंतीला नाक लावून बसली.

ही मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. पंधरा दिवसांपूर्वीच परतली होती. परत आल्यापासून शेवटच्या बाकावर बसायची, तोंडातून शब्द नाही. तिचा बराच अभ्यास बुडालाय हे धरून मी तिला काही विचारतच नव्हते. ते न विचारणं म्हणजे माझा चांगुलपणा, अशी माझी समजूत होती.

रुसली की काय म्हणून जवळ गेले. ती हळू आवाजात वाचत होती. तेही मी अजून न शिकवलेला धडा.

"भिंतीकडे का गं बसलीस?"

"तिकडं अशीच बसायचे, मॅडम. कारखान्याच्या गोदामाच्या भितीला लागून आमची पाचटाची कोपी हुती. पुढच्या अंगाला लई गलका. बैलं, ट्रॅक्टर, बारकी पोरं. मग मी मागं जाऊन भितीला वाचून दाखवायचे." तिने भिंतीवर बोट टेकवलं. "आन् आपला आवाज माघारी येतो ना. चुकलं की लगेच कळतं."

मी तिच्या शेजारी मांडी घातली आणि त्याच धड्यातल्या चार ओळी भिंतीला वाचून दाखवल्या. इतकी वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण माझं इंग्रजी मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी हेल काढत होते, भाजीवालीशी भाव करताना माझी आई काढते तसा! मला हसू आवरेना. तीही हसली. मग काय, सगळ्या वर्गालाच भिंत पाहिजे झाली.

तिसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या शाळा तपासणारे केंद्रप्रमुख अचानक आले. दारातच थबकले. तीसेक पोरं चारी भिंतींकडे तोंड करून बसलेली आणि मी मधोमध फरशीवर.

"मॅडम, सगळ्या वर्गालाच शिक्षा? केलंय काय यांनी?"

"वाचतायत, सर."

"मला तर पाठीच दिसतायत."

मी काही बोलायच्या आत ती कोपऱ्यातली मुलगी वळली आणि म्हणाली, "सर, तुमी बी बगा की वाचून. इथं जागा हाय." तिच्या तोंडून मोठ्या आवाजात निघालेलं हे पहिलं वाक्य. तेही थेट साहेबांना!

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि गुडघ्यांना सांभाळत पोत्यावर टेकले. पुस्तक हातात घेऊन त्यांनी अर्धं पान वाचलं. मग मान वळवून म्हणाले, "मी एवढा घाईत बोलतो?"

"व्हय सर," तीन-चारजण एकदम बोलले. "पालकांच्या मीटिंगला बी."

वर्गात हशा पिकला. साहेबही पोट धरून हसले. शेरेवहीत काय लिहितात याची धाकधूक होती. त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थी मोकळेपणाने बोलतात.'

परीक्षा संपून बाकं परत आली, तेव्हा वर्गात कडाक्याचं भांडण झालं. अक्षर चांगलं असलेल्यांना लिहायला बाकं हवी होती, बाकीच्यांना नको. शेवटी अर्धी बाकं एका बाजूला लावली, उरलेली व्हरांड्यात गेली. ज्याला लिहायचं तो बाकावर, वाचायचं तो भिंतीशी, बोलायचं ते मध्ये गोल करून. मुख्याध्यापकांना गलका वाटायचा. ते आमच्या वर्गाचं दार ओढून घेत आणि पुढे जात.

एके दिवशी त्या मुलीची आई शाळेत आली. डोक्यावरचा पदर सारखा करत दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, पोरगी घरात एकलीच भितीसंगं बोलती. आमाला कळत न्हाई असं कायबाय. कुनाला दाखवावं का?"

मी मुलीला बोलावलं. आईसमोर बसवलं आणि वाचायला सांगितलं. ती सवयीने भिंतीकडे वळली, मग थांबली आणि आईकडे तोंड करून वाचू लागली. विहिरीत पडलेल्या कोकराची गोष्ट होती. एक वाक्य इंग्रजीत, मग तेच आपल्या बोलीत. आई आधी मुलीच्या ओठांकडे पाहत होती. कोकरू वर निघेना, तशी पुढे सरकली.

"मग? काढलं का न्हाई त्याला?"

"थांब की गं आई," मुलगी पान उलटत म्हणाली, "वाचतेय ना मी."