बारी रंजनाताईंची

शूटिंगच्या पहिल्या सकाळी, युनिटचा चहा झाला की रंजनाताई वाघमारे एकच प्रश्न विचारायच्या, "बारी कुणाची?" कॅमेऱ्याची लेन्स पुसत विलासभाऊ म्हणायचे, "तुझी," नाहीतर म्हणायचे, "माझी." एवढ्यावर त्या गाण्याचा किंवा सिनेमाचा दिग्दर्शक ठरायचा. काम दोघांनी मिळून करायचं, अगदी पहिल्या शॉटपासून शेवटच्या कटापर्यंत. पडद्यावर नाव मात्र एकाचंच लावायचं, पाळीपाळीनं. एकदा तिचं, एकदा त्याचं. त्यात कधी बदल झाला नाही.

हे दोघं नवरा-बायको. कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावर त्यांची एक लांबडी खोली होती. तिलाच ते ऑफिस म्हणत, तिथंच एडिटिंग करत आणि काम वाढलं की तिथंच भात शिजवत. कराडपासून जतपर्यंत कुणाच्या हळदीत, जत्रेत किंवा एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत तुम्ही नाचला असाल, तर यांचं एखादं गाणं तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. गाणी शेकड्यांनी केली, सिनेमे मोजकेच, पण एकही सिनेमा असा नाही की ज्याची लाज वाटावी.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती एक गाणं घेऊन. माझ्या वडिलांचा जन्म पत्रकं छापण्यात आणि वाटण्यात गेला, त्यामुळे माझं गाणंही पत्रकासारखंच होतं. प्रत्येक ओळीत दोन मागण्या. रंजनाताईंनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, "पोरी, ह्यात माणूस कुठं हाय?" विलासभाऊ आतून म्हणाले, "आगं, मोर्चा हाय न्हवं का त्यो. माणसं मागनं येतील." मी रागानं लाल झाले. त्याच संध्याकाळी ताईंनी मला शेजारी बसवून ते गाणं पुन्हा लिहून घेतलं, आणि पुढची कित्येक वर्षं मी त्यांची गाणी लिहीत राहिले.

बारीची कल्पना ताईंची. सीडीच्या काळात त्यांचं पहिलं गाणं एका कंपनीनं घेतलं, तेव्हा मालक म्हणाला की कव्हरवर दिग्दर्शक म्हणून दोन नावं बसत नाहीत. भाऊ म्हणाले, मग हिचं लावा. मालक हसला. त्याला वाटलं, नवीन लग्न झालंय, चेष्टा चाललीय. ताईंच्या माहेरी, इस्लामपूरच्या अलीकडे, थोडं रान होतं आणि पाण्याच्या बाऱ्या ठरलेल्या होत्या. आज तुमच्या वाफ्याला, उद्या आमच्या. कुणी मोठा शेतकरी असो की दोन गुंठ्यांचा धनी, बारी ती बारी. ताई म्हणाल्या, पाण्याचं जमतंय तर नावाचं का जमू नये? आणि ते जमलं, निदान त्या दोघांमध्ये तरी.

त्यांचं काम बघणं म्हणजे भांडण बघणं होतं. ताई माणसं उभी करायच्या, भाऊ चौकट धरायचे, आणि दोघंही एकमेकांच्या कामात हात घालायचे. स्लो मोशनचा ताईंना मनापासून तिटकारा. त्या म्हणायच्या, "माणूस चालतंय तसं चालू द्या की. पाण्यात बुडाल्यागत कशाला चालवताय?" भाऊंना मावळतीचा उजेड आवडायचा आणि त्यापायी ते अख्खं युनिट ताटकळत ठेवायचे. एकदा असंच उसाच्या बांधावर सगळे बसून होते. ताईंना तिथला सीन दुपारच्या रणरणत्या उन्हात हवा होता, कारण खुरपणाऱ्या बायका दुपारीच खुरपतात. भाऊ म्हणाले, "आगं, जरा थांब. सूर्य काय तुझ्या बापाचा गडी हाय?" ताई म्हणाल्या, "तुमच्या तरी बापाचा हाय व्हय? मग कशापायी वाट बघताय त्याची?" सगळे हसले, भाऊही हसले, आणि सीन उन्हातच झाला. त्या सिनेमाला बारी भाऊंची होती. पुढं एका जाणकारानं नेमक्या त्या सीनचं कौतुक करताना लिहिलं की, या दिग्दर्शकाला उन्हाची भाषा कळते.

इथून माझ्या रागाला सुरुवात होते.

भाऊंची बारी असली की कुणालाही काही प्रश्न नसायचा. ताईंची बारी असली की लोक डोळे मिचकावायचे. राखीव जागेवर बाई सरपंच होते आणि खुर्चीत नवरा बसतो, ते बघायची आपल्याला इतकी सवय झालेली आहे की बाईचं नाव दिसलं की आपली नजर आधी तिच्या मागचा पुरुष शोधते. फ्लेक्स छापणारा न विचारता 'सौ. रंजना विलास वाघमारे' असं करून टाकायचा. ताई तो फ्लेक्स परत पाठवायच्या. छापणारा भाऊंना फोन करून विचारायचा की वहिनी रागावल्यात का. भाऊ म्हणायचे, "वहिनी न्हाई रागावल्या. डायरेक्टर रागावलाय. नीट छाप."

एकदा साताऱ्यात ताईंच्या बारीच्या सिनेमाचा सत्कार होता. त्यांच्या नियमात ज्याची बारी नसेल त्यानं स्टेजवर चढायचं नाही. ताईंना शाल दिली आणि लगेच निवेदकानं माईकवरून भाऊंना साद घातली, ज्यांच्याशिवाय हा सिनेमा शक्य नव्हता वगैरे. भाऊ जागचे हलले नाहीत. निवेदक खाली उतरून त्यांचा हात धरून ओढायला लागला, तेव्हा "आज माझी बारी न्हाई," एवढं बोलून ते बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ताईंचं नाव एकदा होतं आणि भाऊंचा मोठेपणा तीन परिच्छेद होता. स्वतः सिनेमा करून बायकोला पुढं करणारा दिलदार माणूस! भाऊंनी तो पेपर चुरगाळला. ताईंनी तो पुन्हा सपाट करून त्यावर भाजी निवडली.

आज मला वाटतं, त्या दोघांची चूक तिथं होती. दोन सरळ माणसांनाच होऊ शकते अशी चूक. आपण नीट वाटून घेतलं की जगही ते नीट वाटूनच वाचेल, असं त्यांनी धरलं. त्याच्या बारीचे सिनेमे त्याचे झाले, आणि तिच्या बारीचे सिनेमेही त्याचेच झाले.

मग शेवटचा सिनेमा आला. एका फौजीच्या बायकोची गोष्ट. नवरा वर्षाकाठी सुट्टीवर येतो आणि त्याच्याविना सुरळीत चाललेल्या घरात सगळ्यांना हुकूम सोडत फिरतो. पैसा इस्लामपूरच्या एका बिल्डरचा. सगळे त्यांना आबा म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण आपण म्हणू तीच रीत, असा होता. बारी ताईंची होती. अर्धं शूटिंग झालं आणि भाऊ आजारी पडले. मिरजेच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं. ताई दिवसा शूटिंग करायच्या आणि संध्याकाळी मिरजेला जाऊन, काय काय घेतलं ते त्यांना सांगायच्या. भाऊ पडल्यापडल्या त्यात चुका काढायचे.

मी एकदा तिथं असताना आबा भेटायला आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले की, या सिनेमाला भाऊंचं नाव लावू, मार्केटला तेच बरं पडेल, वहिनींची काही हरकत नसेल. ताई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. भाऊंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"आबा, तिच्या बारीचं पाणी मी माझ्या रानात घिऊ?"

आबांनी ते आजारी माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. भाऊ गेले तेव्हा बरंचसं शूटिंग राहिलं होतं. ते ताईंनी एकटीनं केलं.

पण त्याआधी सांगलीत शोकसभा झाली. हॉल भरलेला. आबांनी भाषणात जाहीर करून टाकलं की, विलासभाऊंची शेवटची कलाकृती त्यांच्याच नावानं पडद्यावर येईल, हीच त्यांना श्रद्धांजली. टाळ्या पडल्या. ताईंना कुणी विचारलेलं नव्हतं. नवऱ्याच्या फोटोला हार घातलेला असताना कोणती बायको नाही म्हणेल, याची खात्रीच होती सगळ्यांना. ताईंना दोन शब्द बोलायला उभं केलं.

"त्ये गेलं, मला किती लागलंय त्ये मी हितं सांगत बसणार न्हाई," ताई म्हणाल्या. "पर आबा, पिच्चरचं तुमी बोलला म्हणून बोलते. बारी माझी हाय. त्यास्नी ठावं हुतं आन् तुमास्नी बी ठावं हाय." आणि त्या खाली बसल्या.

माझ्या मागच्या रांगेत एक ओळखीचे नट होते, भाऊंनी ज्यांना पहिलं काम दिलं होतं. ते शेजाऱ्याला म्हणाले, "राख गार झाली न्हाई अजून, आन् बाईला नावाचं पडलंय." मी मागे वळून विचारलं की, मेलेल्या माणसाचा शब्द त्याच्याच शोकसभेत मोडला जातोय, त्याचं तुम्हाला काही पडलंय का? त्यांनी मला सभेची शिस्त पाळायला सांगितली. आपल्याकडे शिस्त अशा वेळीच आठवते.

आबांनी मग मधला मार्ग काढला. दोघांचंही नाव लावू. खरं सांगते, मलाही ते न्यायाचं वाटलं. ताईंना तसं सांगायला गेले, तर त्या एडिटिंगच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "दोघांचं लावलं की लोक एकच वाचत्यात, पोरी. दुसऱ्याकडं नुसतं बघत्यात." ताईंना गर्व चढलाय, नवऱ्याच्या मरणावर मोठी व्हायला निघालीय, असं कराडपासून सांगलीपर्यंत बोललं गेलं. आबांनी दुसऱ्या माणसाकडून सिनेमा पुरा करून घ्यायची तयारी केली. पण डबिंग राहिलं होतं, आणि त्यातल्या झाडून सगळ्या नटनट्यांनी कळवलं की, ताई समोर असल्याशिवाय आम्ही आवाज देणार नाही. तेव्हा कुठं आबा नमले. सिनेमा ताईंच्या एकटीच्या नावानं लागला.

नाव लागलं, पण वाचलं कुणी? दिवंगत पतीचं स्वप्न पत्नीनं पूर्ण केलं, असे मथळे आले. जो मुलाखतीला येई तो विचारी की, भाऊंनी किती काम करून ठेवलं होतं? ताई न चिडता सांगायच्या, "निम्मा आमी दोघांनी केला, निम्मा मी." छापून यायचं की, बहुतांश चित्रीकरण भाऊंच्या हयातीत झालं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी ताईंनी एक हळदीचं गाणं केलं. शब्द माझे. सांगलीत कृष्णेच्या घाटावर शूटिंग झालं. कॅमेरा ताईंनी स्वतः धरला, एडिटही स्वतःच केलं. कंपनीनं नाव विचारलं तेव्हा ताईंनी सांगितलं, दिग्दर्शन विलास वाघमारे.

मी तिथंच भांडायला उठले. ज्या नावासाठी एवढ्या शिव्या खाल्ल्या, ते आता आपल्या हातानं पुसताय? हे काम तुमच्या एकटीचं आहे. ताईंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मी आबाला काय म्हणले? बारी माझी हाय म्हणले. मग आता त्यांची हाय. माणूस मेलं म्हणून त्याची बारी खायची व्हय?" थोड्या वेळानं, जरा हळू आवाजात, त्यांनी पुढं सांगितलं, "येवढीच. हितनं फुडं सगळ्या माझ्या."

वडिलांच्या एकाही पत्रकात हे बसलं नसतं. मला अजूनही ते पुरतं पटलेलं नाही.

ते गाणं सध्या लग्नालग्नांत वाजतंय. मोबाईलवर त्याच्याखाली भाऊंचं नाव आहे, आणि त्याखाली लोकांच्या शेकडो प्रतिक्रिया आहेत. कुणी भाऊंना पुढच्या गाण्यासाठी शुभेच्छा देतं, कुणी विचारतं की पुढचं कधी. शोकसभेत माझ्या मागे बसलेल्या त्या नटांनीही लिहिलंय की, विलासभाऊंचा हात लागला की लगेच कळतं. रंजनाताईंच्या प्रत्येक सिनेमाला, खरं कुणी केलंय, असं विचारणारी हीच माणसं. मेलेल्या माणसानं हे गाणं कसं काय केलं, हे त्यातल्या एकानंही अजून विचारलेलं नाही.