स्टेपनी काढलेली गाडी

पेट्रोल का महागते, हे मी अनेक वर्षे लोकांना सांगत आलो. बेळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दर वाढले की पहिल्या पानावर बातमी आणि आतल्या पानावर चौकट, असा रिवाज होता. बातमी दुसरे कोणी लिहायचे, चौकट माझ्याकडे असायची. तिच्या वरच्या भागात कारणे असत: कच्चे तेल महागले, रुपया घसरला, त्यावर केंद्राचा कर, राज्याचा कर, पंपचालकाचे कमिशन. खालच्या भागात वाहनचालकांनी काय करावे ते असे: टायरमध्ये हवा नीट ठेवा, गाडीतले अनावश्यक वजन काढा, वेग एकसारखा ठेवा, कामे एकाच फेरीत उरका. दर कोणत्याही कारणाने वाढोत, खालचा भाग तोच राहायचा.

ही चौकट लिहीत होतो त्या सगळ्या काळात माझ्याकडे वाहन नव्हते. मी सिटी बसने कामावर जात असे.

निवृत्त झाल्यावर आम्ही जोयडा तालुक्यात, नंदिगड्ड्याच्या बाजूला, बायकोच्या माहेरच्या गावी राहायला आलो आणि मी एक जुनी छोटी मोटार घेतली. इथे पेट्रोल महाग असण्याचे एक कारण माझ्या चौकटीत कधीच आले नव्हते. पंप लांब आहे. गावातल्या दुकानात पेट्रोल पाण्याच्या बाटलीत मिळते. ते कोणीतरी मोटारसायकलवरून आणलेले असते, त्यामुळे आणायला जळलेले पेट्रोलही आपणच विकत घेतो. पंपावरचा दर क्वचित खाली येतो. बाटलीचा दर खाली आलेला मी पाहिलेला नाही.

गेल्या थंडीत दर पुन्हा वाढले, आणि त्याच आठवड्यात जोयड्याला कंदांचा मेळा होता.

आमच्या शेजारच्या वहिनी भातशेती करतात आणि परसात कंद लावतात. त्यांच्या कोनाची गावात ख्याती आहे. कोन म्हणजे शहरात ज्याला कोनफळ म्हणतात त्यातलाच एक लांबलचक प्रकार. जमिनीत हाताच्या बोटांसारखा पसरतो, म्हणून काढताना मोडतो, आणि काढताना वाचला तर नेताना मोडतो. मेळ्यात अखंड कंद पुढच्या टेबलावर मांडतात. लोक ते बघतात आणि कोणाचा आहे ते विचारून बियाणे ठरवून जातात. मोडलेले कंद मागे, भाजीच्या टोपलीत. आदल्या वर्षी वहिनींचा कोन बसमध्ये मोडला होता. त्या टोपलीचा विषय आमच्या कुंपणावरून वर्षभर चालला.

"भावजी, औंदा कोन तुमच्या गाडीतनं न्यायचा," वहिनी म्हणाल्या. "बसमदी न्हाई घालत मी."

"न्या की. काही होत नाही त्याला."

"गेल्या साली कंडक्टर बी असंच बोललेला."

मी शब्द दिला. मग दर वाढल्याचे कळले, आणि माझ्यातला उपसंपादक जागा झाला. इतकी वर्षे इतरांना दिलेला सल्ला स्वतः पाळण्याची ही पहिलीच संधी होती.

मेळ्याच्या आदल्या दिवशी मी सुरुवात केली. पायपंप घेऊन चारही टायर भरले. चौकटीत 'हवा नीट ठेवा' असे होते. नीट म्हणजे भरपूर, असा मी अर्थ लावला आणि थकेपर्यंत पंप मारला. मग अनावश्यक वजन. अनावश्यक म्हणजे कोणते, हे चौकटीत कधी लिहिले नव्हते, कारण चौकटीत जागा कमी असते. मी डिकी उघडली. तिथे स्टेपनी होती आणि जॅक होता. गाडी घेतल्यापासून दोन्ही एकदाही लागले नव्हते. दोन्ही काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले.

बायको धान्य निवडत बघत होती. "वजनच कमी करायचं तर आधी तुम्ही उतरा," ती म्हणाली.

सकाळी कोन आणला. वहिनींनी तो जुन्या लुगड्यात, गवताच्या थरावर, न्हाऊ घातलेल्या मुलासारखा गुंडाळला होता. मागच्या सीटवर तो आडवा ठेवला आणि शेजारी त्या स्वतः बसल्या, एक हात कायम लुगड्यावर. बायको घरीच राहिली.

निघाल्यावर पहिल्या खड्ड्यातच माझ्या लक्षात आले की गाडी चेंडूसारखी उडते आहे. दगडासारखे टायर प्रत्येक खडा वर पाठवत होते.

"भावजी, बस बरी हुती," मागून आवाज आला.

"टायरमध्ये हवा जास्त आहे. त्याने पेट्रोल वाचतं."

"आन कोन?"

यावर चौकटीत काही नव्हते. मी वेग एकसारखा ठेवला. जंगलातल्या वळणावर एका टोकदार दगडावर डावे पुढचे चाक गेले आणि फटाका फुटल्यासारखा आवाज झाला.

आम्ही उतरलो. वहिनींनी आधी लुगडे उघडून पाहिले. कोन शाबूत होता. मग त्यांनी चाकाकडे पाहिले, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "दुसरं चाक काढा."

मी म्हणालो, "गोठ्यात आहे."

"गोठ्यात?"

"वजन कमी व्हावं म्हणून."

मेळ्याची मांडणी सकाळीच होते आणि पुढचे टेबल एकदा भरले की भरले. वहिनी रस्त्याच्या कडेला कोन मांडीवर घेऊन बसल्या आणि वळणाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात जोयड्याला जाणारी जीप आली. आमच्याकडची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे ती भरलेलीच होती, आणि टपावर कंदांची पोती होती. ड्रायव्हर ओळखीचा. त्याने थांबवून सगळा प्रकार ऐकून घेतला. स्टेपनीचा भाग त्याने माझ्याकडून दोनदा वदवून घेतला, दुसऱ्यांदा मागच्यांना ऐकू जावे म्हणून.

"अक्का, तू चढ. कोन हितं आमच्या मांडीवर घाल," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "सायेब, एकच माणसाची जागा हाय. ती अक्काला आन कोनाला लागली."

कोणाचाच विरोध नव्हता. माझाही नव्हता.

जाण्याआधी जीपमधले पुरुष उतरले. जॅक जीपमध्येही नव्हता, म्हणून त्यांनी गाडीचा कोपरा हातांनी उचलला, खाली दगड लावले आणि चाक काढून पोत्यांबरोबर टपावर टाकले. "पंचर काढून आणतो सांजेला," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी न्हाई जात कुठं. वजन बी कमी झालंया आता."

जीप गेली. लुगड्यातला कोन चार जणांच्या मांड्यांवर आडवा पडून गेला.

मी तीन चाकांच्या गाडीशेजारी बसलो. त्या रस्त्याला उतार आहे. पेट्रोल महागल्यापासून मोटारसायकलवाले तो उतार इंजिन बंद करून उतरत होते. हा सल्ला मी कधी दिला नव्हता, आणि देणारही नाही, पण तो सगळ्यांनी पाळलेला दिसला. गाड्या आवाज न करता वळणातून येत. थांबले तर परत चालू करावी लागेल, म्हणून कोणी थांबत नसे. जाता जाता विचारत, "पेट्रोल संपलं काय?"

"नाही, चाक नाही," मी म्हणायचो. तोवर ते पुढे गेलेले असत.

एक म्हातारा मात्र थांबला. माझे उत्तर त्याने ऐकले नाही. पिशवीतून अर्धी बाटली पेट्रोल काढून माझ्या हाती दिली आणि म्हणाला, "आसू दे. ह्या दिवसांत कोणावर बी येळ येती." माझी टाकी जवळजवळ भरलेली होती. मी सांगण्याचा प्रयत्न केला. त्याने माझ्या संकोचाचा आदर राखून मान हलवली, बाटली ठेवली आणि उताराला लागला.

माझा दिवस झाडावरच्या एका शेकरूच्या देखरेखीखाली गेला. कोन पोचला का, हे कळायला मार्ग नव्हता. तिथे फोन लागत नाही. आपण दिलेला शब्द भाजीच्या टोपलीत जाऊन पडला असेल, असे अधूनमधून वाटायचे. माझ्या चौकटीत 'शेजाऱ्याबरोबर एकाच गाडीतून जा' अशीही ओळ कधी तरी असावी. ती मी जागेअभावी काढत असे की ती कधीच नव्हती, हे मला दुपारभर आठवले नाही.

संध्याकाळी जीप परतली. टपावर माझे चाक होते. पुढच्या सीटवर वहिनी होत्या, आणि लुगडे घडी घालून मांडीवर होते.

"मोडला?" मी विचारले.

"कशाला मोडंल? माणसांच्या मांडीवर झोपून गेला त्यो. पुढच्या टेबलावर हाय. अगदी मधोमध." मग लुगड्याची घडी नीट करत म्हणाल्या, "बियाणं चौघांनी मागितलंय. उद्या मेळा संपला की घरी आणायचाय."

ड्रायव्हर चाक बसवत होता. मी संधी साधली. "वहिनी, उद्या मी आणतो. खरंच."

वहिनी जीपमधूनच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चारही टायरमधली हवा उतरवून, गाडीच्या दारावरच्या पट्टीत सांगितली आहे तेवढीच ठेवली. त्या पट्टीत हा आकडा असतो, हे मला तेव्हा समजले. वहिनी लुगडे काखेत घेऊन आल्या, पण बसल्या नाहीत. गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मी डिकी उघडली. स्टेपनी जागेवर होती.

"आता त्यो उचलायचा दावा," त्या म्हणाल्या.

मी जॅक दाखवला. मग वहिनींनी मागचे दार उघडले आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोला हाक मारली, "चल गं तू बी. येताना कोनाला दोन मांड्या लागतील."