पहिल्या आंघोळीचा गीझर

डॉक्टरांनी विचारलं, "घरी गॅस गीझर आहे म्हणता. बाथरूमला खिडकी आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

खिडकी होती, हे खरं आहे. तिच्या काचेच्या उघड-मिट होणाऱ्या पट्ट्या मीच काढायला लावल्या होत्या आणि त्या जागी एक अखंड धुरकट काच सिमेंटात पक्की बसवून घेतली होती, हे मी सांगितलं नाही. पडद्यापलीकडे माझी बायको ऑक्सिजनचा मास्क लावून पडली होती. माझ्या मागे पुण्याहून दिवाळीला आलेला धाकटा भाऊ आणि त्याची बायको उभी होती. त्यांच्यासमोर मला मूर्ख ठरायचं नव्हतं. काय घडलंय ते मला त्या क्षणी पुरतं ठाऊक होतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. कार्बनचं अपूर्ण ज्वलन मी दर वर्षी शिकवतो, फळ्यावर आकृती काढून.

"मग दमणूक असेल," डॉक्टर म्हणाले. "उपाशीपोटी राबल्या असतील. तपासण्या करून घेऊ."

"राबते खरी," मी म्हटलं. वर सुस्काराही सोडला.

आमचं घर रत्नागिरीत, जरा बाहेरच्या अंगाला, चिऱ्याचं आणि कौलारू. मागच्या पडवीत तांब्याचा बंब असे. तो आईच्या ताब्यात. नारळाची सोडणं, झावळ्यांची वाळकी चुडतं, आंब्याच्या पानांचा पातेरा, जे पोटात जाईल त्यावर तो पाणी कढत करून द्यायचा. बदल्यात घरभर धूर. आमच्या शर्टांना कायम त्याचा वास यायचा, आणि शाळेत तो वास घेऊन मी प्रदूषणावर बोलायचो.

एकदा मे महिन्यात भावाची बायको पडवीत आली, बंबापुढे उकिडवी बसली आणि मोबाइल काढून म्हणाली, "अय्या दादा, बंब! किती गोड!" तिने त्याचे चारी बाजूंनी फोटो काढले. ज्या वस्तूला पुण्याचे लोक गोड म्हणतात ती आपल्याकडे असणं म्हणजे आपण मागे पडलो, असं माझ्या मनाने घेतलं. तो बंब मला त्या दिवसापासून डोळ्यांसमोर नकोसा झाला.

मग मी अभ्यास केला. शिक्षक अभ्यास करतो म्हणजे आधीच ठरवलेल्या गोष्टीला कारणं शोधतो. रात्रीच्या जेवणाला मी घरच्यांना रोज एक पाठ देऊ लागलो. विजेचा गीझर बाद, कारण आमच्याकडे वारा नुसता कुजबुजला तरी लाईट जाते. सौर बाद, कारण चार महिने सूर्यच रजेवर. राहिला गॅसचा. टाकी नाही, साठवण नाही, नळ सोडला की पेटतो आणि वाहत्या पाण्याला जाता जाता तापवतो.

"आणि नळ बंद केला की?" आईने विचारलं.

"आपोआप विझतो."

"म्हणजे तुझ्यापेक्षा शहाणा," आई म्हणाली आणि तिने ताकाचा भुरका मारला.

गीझर आला. खरं तर तो बाहेर पडवीच्या भिंतीवर लावायला हवा होता. सिलिंडर तिथेच ठेवायचा होता, बाहेरून फक्त पाण्याचा पाइप आत घ्यायचा. पण बाहेर लावला तर आल्यागेल्याला दिसणार कसा? मी तो बाथरूमच्या आत, आरशाशेजारी लावून घेतला. नव्या फरशा, नवं प्लास्टिकचं दार, आणि ती अखंड काच. जुन्या पट्ट्यांमधून पाली येतात, सुरवंट येतात, धूर येतो, असं मी सर्वांना सांगितलं. वारा येतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्याच्याशी संसार करणं सोपं नव्हतं. आत दोन बॅटरी सेल असत. ते उतरले की तो नुसता टकटक टकटक करी आणि पेटत नसे, एखाद्या चिडक्या हेडमास्तरासारखा. स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला की पाण्याचा जोर कमी होऊन तो विझे. मग डोळ्यांत साबण गेलेला माणूस आतून ओरडे, "नळ बंद करा गो!" आणि बायको खरकट्या हातांनी उभी राही. पहिला तांब्या बर्फ, दुसरा उकळता, तिसऱ्याला जरा माणुसकी. तरीही मी तक्रार केली नाही. बंबाला निवृत्त करून कोपऱ्यात चुडतांखाली ढकलला होता, आता माघार कशी घेणार?

बायको मिरजोळ्याला एमआयडीसीत फळं टिकवायच्या कारखान्यात काम करते. आमरसाचे डबे भरायच्या विभागाची ती प्रमुख होती. रोज स्कूटरवरून जायची. हाताखाली तिला विचारून वागणाऱ्या बऱ्याच बाया होत्या, आणि या कामाइतका आनंद मी तिला कधी दिलेला नाही हे मला माहीत होतं. पावसाळ्यापासून ती म्हणायला लागली, "अहो, आंघोळ करून आले की डोकं धरतं."

"केस नीट पूस," मी म्हणायचो.

दसऱ्याच्या सुमारास ती म्हणाली, "अहो, त्या गीझरच्या भोकातून ज्योत दिसते ना, ती पूर्वी निळी होती. आता पिवळी दिसते."

मी म्हणालो, "सोन्यासारखी दिसते म्हण की!" आई हसली, बायकोही हसली. निळी ज्योत पूर्ण ज्वलनाची, पिवळी अपूर्ण ज्वलनाची, हे मी त्याच आठवड्यात वर्गात सांगितलं असणार. घरी येताना शिक्षक आपलं ज्ञान शाळेच्या कपाटात ठेवून येतात, कुलूप लावून.

आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा रिवाज आहे. बंब चिंचेने घासून लख्ख करायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ आणि कारिटाचा वेल गुंडाळायचा, आणि पहिल्या आंघोळीचं पाणी भरून ठेवायचं. कारीट म्हणजे ते छोटं कडू फळ. नरकासुर म्हणून ते आंघोळीनंतर पायाने फोडायचं.

आई अडून बसली. "पहिल्या आंघोळीला विस्तवाचंच पाणी हवं. बंब बाहेर काढ."

"गॅसचा विस्तव नाही तर काय आहे?"

"मग त्याला माळ घालणार आहेस?"

भाऊ हसला. त्याची बायको मोबाइल सरसावून बसली. मला चेव चढला. म्हटलं, घालतो! आणि मी स्टुलावर चढून त्या पांढऱ्या पेटीला झेंडूची जाड माळ घातली, कुंकू लावलं, आणि खालच्या बाजूला, जिथून तो हवा आत ओढून घेतो नेमकं तिथे, कारिटाचा वेल चांगला घट्ट गुंडाळला. फोटो निघाले. नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले. आजोळच्या एका मामांनी लिहिलं, "परंपरा आणि विज्ञान यांचा सुंदर संगम." मी तो निरोप जेवताना दोनदा वाचून दाखवला.

पहाटे आंघोळी सुरू झाल्या. मी घरचा कर्ता, म्हणून पहिला मान माझा. मग भाऊ, मग आई, मग भावाची बायको. गीझरला उसंत नव्हती. बायकोने सगळ्यांना तेल लावलं, उटणं कालवलं, आणि प्रत्येकाच्या अर्ध्या आंघोळीत निरांजन घेऊन आत जाऊन ओवाळलं. म्हणजे त्या बंद कोंदट खोलीत सर्वात जास्त वेळा कुणी श्वास घेतला असेल तर तिने. झेंडू भाजल्याचा वास सुटला होता. भाऊ म्हणाला, "वा, काय सणाचा वास आहे!"

शेवटी ती आत गेली. तिला ओवाळायला कुणी गेलं नाही. कुणाला सुचलंच नाही.

मी तुळशीपाशी उभा राहून डाव्या पायाच्या टाचेखाली कारीट फोडलं, बी जिभेला लावली, आणि "गोविंदा गोविंदा" अशी आरोळी ठोकली. नरकासुर मेला. खरा नरकासुर आत भिंतीवर माळ घालून जळत होता, आणि त्याला कुंकू मी लावलं होतं.

फराळाची ताटं मांडून झाली. मी बाहेरून हाक दिली, "अहो बाईसाहेब, सिलिंडर आजच संपवायचाय का?"

उत्तर नाही. पाण्याचा आवाज येत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. आई मात्र हातातली पणती खाली ठेवून कान देऊन उभी राहिली. "मेल्या, पाणी फरशीवर पडतंय. अंगावर नाही पडत."

भावाने आणि मी दाराला खांदा दिला. ते मानाचं प्लास्टिकचं दार पुठ्ठ्यासारखं वाकलं. ती भिंतीला टेकून बादलीवर कलंडली होती. गाल गुलाबी. कार्बन मोनॉक्साइडने गाल गुलाबी होतात, हेही मला माहीत आहे. तिला चादरीत गुंडाळून अंगणात आणली. थंड वारा लागल्यावर तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "करंज्या बाहेर काढल्यात का?"

त्यानंतर हॉस्पिटल, आणि ती खिडकी, जी आहे.

ती बरी होऊन घरी आली. पाडव्यानंतर लगेच मी प्लंबर बोलावून गीझर बाहेर पडवीत, उघड्यावर हलवला, तो उघडवून साफ करून घेतला, काच फोडून पुन्हा पट्ट्या बसवल्या. का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: बाहेर असला की दुरुस्तीला बरा. पुन्हा तसं होणार नाही याची मी पक्की व्यवस्था केली. फक्त झालं ते का झालं, हे तिला सांगितलं नाही.

सगळा दोष तिच्या तब्येतीवर गेला, आणि मी तो जाऊ दिला. तपासण्यांत काही निघालं नाही, डॉक्टरांनी नुसत्या लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, म्हणून मंडळींची काळजी वाढली. देवरूखहून तिच्या आईने डिंकाचे लाडू पाठवले. भावाच्या बायकोने फोनवरून प्राणायाम शिकवला. माझी आई तिला खजूर चारायची आणि म्हणायची, "माझ्या बंबाने कधी कुणाला पाडलं नाही गो." आईचं बरोबर होतं. पण तिचं कारण होतं की विस्तव रुसला. मी त्या कारणाला हसलो, आणि त्या हसण्याआड लपलो. त्या हिवाळ्यात दुसऱ्या एका वर्गाला ज्वलनाचा धडा आला तेव्हा मी मुलांना म्हटलं, "हे घरी वाचून घ्या."

बायकोला स्वतःचीच भीती वाटू लागली. आंघोळीला जाताना ती कडी लावत नसे. स्कूटर बंद. म्हणायची, "वाटेत चक्कर आली तर?" रिक्षाने जायची, मग एक दिवसाआड जायची. शिमग्याच्या आधी, आंब्याचा हंगाम तोंडावर आलेला असताना, ती म्हणाली, "या वर्षी नाही जमायचं म्हणून सांगते कारखान्यात. वाफेपाशी उभी राहिले आणि पडले तर उगाच लोकांना त्रास."

मी म्हटलं, "बघ, तुला झेपेल तसं." इतकं समंजस वाक्य मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. ते बोलताना मला माझीच शिसारी आली.

शिमग्याला भाऊ आणि त्याची बायको परत आली. संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो होतो. भावाची बायको म्हणाली, "बरं केलंत वहिनी, नोकरी सोडताय ते. तब्येतीपुढे काय? तुमची प्रकृती मुळातच नाजूक." भाऊ मान हलवत होता. "उद्या जाऊन सांगून येते," बायको म्हणाली. तिचे हात मांडीवर पडलेले होते. कधीच पडलेले नसतात.

तिच्या डोक्यावर, भिंतीवर, गीझर होता. आत कुणीतरी नळ सोडला आणि तो भप् करून पेटला. ज्योत निळी होती.

"तिची प्रकृती नाजूक नाही," मी म्हटलं. "इंधन जळायला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनशी..."

"अहो," बायको म्हणाली, "वर्गात नाही आहात तुम्ही. काय झालं ते सांगा."

मग सांगितलं. काच, माळ, वेल, पिवळी ज्योत, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. भाऊ जमिनीकडे बघत राहिला. आत नळ बंद झाला होता, आणि आई ओल्या हातांनी येऊन दारात उभी होती. 

बायको माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "म्हणजे मला काही झालेलं नव्हतं."

"नव्हतं."

"आणि तुम्हाला हे हॉस्पिटलातच माहीत होतं."

"हो."

"मग इतके महिने मी त्या लोहाच्या गोळ्या कुणासाठी गिळत होते? तुमच्यासाठी?"

 सकाळी तिने स्कूटर पुसायला घेतली. पुसताना माझ्याकडे बघत नव्हती. मी मागून जाऊन उभा राहिलो. रात्रभर जुळवलेली सगळी वाक्यं ऐन वेळी धड्यासारखी वाटली, म्हणून ती सोडून दिली.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तू पडलीस ती माझ्यामुळे. आणि त्यानंतर रोज मी तुला पुन्हा पाडत राहिलो. मला माफ कर. आज तू कामावर जा, मी डॉक्टरांकडे जाऊन सांगतो की ती खिडकी बंद होती."