करंटची बिडी

बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन एका बॅटरीमुळे अडलं होतं. निदान माझी तरी तशी समजूत होती.

सावंगीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आधी बिडी सोडा, मग तारीख देतो. खोकलात तर टाके तुटतील." बाबांची बिडी माझ्याहून वयाने मोठी. शेवटी दुबईला असलेल्या माझ्या मेहुण्याने बॅटरीवर चालणारी सिगारेट पाठवली. दोन हजार आठ-नऊची गोष्ट. आमच्या नाचणगावात अशी वस्तू कुणी पाहिली नव्हती. आई तिला 'करंटची बिडी' म्हणे. बटण दाबलं की दिवा लागे. हिरवा म्हणजे बॅटरी भरलेली, पिवळा म्हणजे अर्धी, लाल म्हणजे संपली. मी वाचनालयात नोकरीला (म्हणजे घरात माहितीपुस्तिका वाचणारा मी एकटाच!), त्यामुळे तिची देखभाल माझ्याकडे आली.

बाबा ती खिशात घालून गोठ्याकडे जात आणि मोठ्या समाधानाने परत येत. मी दिवा बघे. हिरवा! दुसऱ्या दिवशीही हिरवा. आठवडा उलटला तरी चार्जरला लावायची वेळ येईना. पुस्तिकेप्रमाणे बॅटरी दिवसभरात संपायला हवी होती.

"बाबा, हिचा दिवा बिघडला."

"काऊन? मस्त चालून राह्यली."

"बॅटरी किती उरली ते खोटं दाखवते. ऐन वेळी बंद पडली तर तुम्ही पुन्हा बिडीवर याल."

बाबा गंभीर झाले. "हे तं लय वाईट होईन," म्हणाले.

(त्यांच्या तोंडाला बिडीचा वास येत होता. कंपनीने वास किती हुबेहूब साधला आहे, याचं मला कौतुक वाटलं!)

मी बॅटरीची टोकं चष्म्याच्या फडक्याने पुसली. हिरवा. काढून पुन्हा बसवली. हिरवा.

आई म्हणाली, "रेडिओचे सेल उन्हात ठेवतो, तशी ठेव."

"आई, उन्हात उतरलेले सेल ठेवतात. ही उतरतच नाही, हीच तर तक्रार आहे."

"मंग सावलीत ठेव!"

मी हसलो. पण पुस्तिकेत खरंच लिहिलं होतं की, पस्तीस अंशांच्या वर दिवा चुकीचा दाखवू शकतो. मे महिना होता. आमच्या घरात त्याहून थंड जागा एकच, माठाची! मी करंटची बिडी माठाच्या तिवईखाली ठेवली. बाबा पाणी प्यायला आले की वाकून विचारत, "कशी हाये तब्येत?"

"हिरवीच आहे."

"च् च् च्!" आणि बाबा हळहळत गोठ्याकडे जात. रिकाम्या हाताने! तेही माझ्या लक्षात आलं नाही.

पुस्तिकेतला शेवटचा उपाय उरला: बॅटरी पूर्ण संपवून पुन्हा भरावी. संपवायची कशी? तर ओढून. मी उभ्या आयुष्यात बडीशेपेच्या पुढे गेलो नव्हतो. पण बापाच्या ऑपरेशनचा प्रश्न होता! ओसरीवर बसलो आणि ओढायला लागलो. धूर, खोकला, डोळ्यांत पाणी. बघतो तर दिवा पिवळा! मी हुरूप येऊन आणखी जोरात ओढली. शेवटी लाल! दिवा अगदी ठणठणीत होता.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या कमलकाकू ओरडल्या, "अवो विमलबाई! पोरगं पाहा तुमचं! भट्टीवानी धूर सोडून राह्यलं!"

आई धावत आली.

"आई, दिवा बरोबर आहे! ओढली की उतरते!" मी खोकत सांगितलं.

"मंग? न वढता उतरीन का?" आई म्हणाली. "तुहे बाबा गोठ्यात बिडीच वढते. साऱ्या गल्लीले ठाऊक हाये."

आणि गोठ्यातून येऊन बाबा समोर उभे. माझे लाल डोळे, नाकातून धूर, हातात ती नळी.

"बाबा, मी फक्त बॅटरी तपासत होतो."

"मी बी माह्या बापाले असंच सांगतलं होतं," बाबा खोल आवाजात म्हणाले. "काडीपेटी ओली हाये का, पाहून राह्यलो म्हनून."

"अहो, पुस्तिकेत लिहिलंय!"

"पुस्तकात बिडी वढाचं बी लिवते का आता? माह्यापायी पोरगं वाया गेलं!"

आणि त्यांनी खिशातलं बिडीचं बंडल काढून चुलीत टाकलं. पुन्हा बिडीला हात लावला नाही. ऑपरेशन झालं, एकही टाका तुटला नाही.

गेल्या महिन्यात बाबा गेले, चांगले म्हातारे होऊन. तेरवीला कमलकाकू माझ्याजवळ बसल्या आणि पंगतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मोठा मानूस होता. पोरापायी बिडी सोडली त्यानं! सुधाकर, तू कवा सोडतं रे?"

इतकी वर्षं मी प्रत्येकाला बॅटरीची हकिकत सांगत आलो होतो आणि एकाचाही विश्वास बसला नव्हता. मी मान खाली घातली.

"सोडली, काकू."

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. पंगतीतून दोघातिघांनी "शाब्बास!" म्हटलं. वाचनालयात मी जन्म घालवला. पण गावात माझा असा जाहीर सत्कार झाला तो एवढाच!