टँकरची चौकशी

क्रांती चौकाजवळच्या मॅमोग्राफीच्या खोलीत एक बाई आहे. माझी छाती यंत्रात दाबताना ती दरवर्षी हमखास विचारते, "ताई, टँकर आला का तुमच्याकडं?" मी नगरसेवकाचा उद्धार करेपर्यंत फोटो निघालेला असतो.

आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, म्हणून मी दरवर्षी जाते. यंदा फोटो बघून बाई उठली आणि थेट डॉक्टरांना बोलावून आली. डॉक्टर म्हणाले, "स्तनातल्या ऊती दाट आहेत, बहुतेक आईकडूनच आल्यात. त्यानं धोका थोडा वाढतो, शिवाय फोटोत गाठ लपते. सोनोग्राफी करू."

सोनोग्राफीत काहीच निघालं नाही. बाहेर आले तर बाई दारातच, ओढणीचं टोक चावत उभी. माझा चेहरा बघून तिनं ओढणी सोडली.

"मंग ताई? आला का टँकर?"

"नाय आला," मी इतक्या आनंदानं ओरडले, की बाकावरच्या बायका बघतच राहिल्या.