सर्जेरावांच्या फोनमधली लग्नपत्रिका

सर्जेराव गव्हाणे यांचं वय सत्तावन्न. नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, स्टोअरला. पण त्यांचा खरा हुद्दा म्हणजे कंपनीच्या बसमधल्या चौथ्या बाकावरचे सायबरतज्ज्ञ. हा हुद्दा त्यांना कुणी दिला नव्हता, त्यांनी तो स्वतःच घेतला होता. तीस वर्षांत कारखान्यानं एकदाही बढती दिली नाही म्हटल्यावर माणसानं करावं तरी काय?

सकाळी सहाला बस मुकुंदवाडीहून निघाली की सर्जेराव चष्मा लावत, फोन लांब धरत आणि बातम्या वाचायला लागत. राजकारण नाही, क्रिकेट नाही. फक्त फोन, कॉम्प्युटर आणि त्यातल्या चोऱ्या. प्रत्येक बातमीवर त्यांचा निकाल तयार असे.

कुठल्याशा कंपनीतून लाखो लोकांची माहिती चोरीला गेली, अशी बातमी आली. सर्जेराव म्हणाले, "माझी नेऊन काय करतेल? सकाळच्या शुभेच्छांचे फोटो आन् मेव्हण्याची भाषणं. दोन दिवसांत चोर हात जोडून वापस करंल."

अपडेट बिघडल्यामुळे कुठंतरी विमानं जमिनीवरच थांबली. "आपल्या एसटीला अपडेटच नाय, म्हणून ती चालती."

मशीन आता माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतं, ही बातमी वाचल्यावर ते म्हणाले, "आमच्या आशाबाईची करून दाखव म्हणावं. अर्ध्या तासात दम लागंल मशीनला."

बस हसायची. शेजारी बसणारा सांडू फिटर तेवढा अधूनमधून काडी घालायचा. एकदा सर्जेरावांनी पासवर्ड अवघड कसा असावा यावर मुकुंदवाडीपासून रेल्वे स्टेशनपर्यंत व्याख्यान दिलं. सांडूनं विचारलं, "तुमचा काय हाये, मामा?" सर्जेराव छाती काढून म्हणाले, "माझा टोकन नंबर. बापजन्मी कुणाला सापडायचा नाय." सांडूनं त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात धरलं आणि त्यावरचा टोकन नंबर मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानंतर दोन दिवस बसमध्ये बातम्या बंद होत्या.

तर अशा या माणसानं एका मंगळवारी बसमध्ये बातमी वाचली, की लग्नपत्रिकेच्या नावानं फोनवर फाइल येते, ती उघडली की फोन चोरांच्या ताब्यात जातो आणि तीच पत्रिका आपल्या ओळखीच्या सगळ्यांना आपोआप जाते. सर्जेरावांनी फोन मांडीवर आपटला. "लोकांला अक्कल कव्हा यायची? फुकटच्या जेवणाचं नाव काढलं की लागले उघडायला!"

आणि दोनच दिवसांनी, गुरुवारी, बस वाळूजच्या फाट्याला वळत असताना, सर्जेरावांनी ती पत्रिका उघडली.

आता यात त्यांचा अगदीच दोष होता असं मला वाटत नाही. पत्रिका कुण्या परक्याकडून आली असती तर त्यांनी ती उघडली नसतीच. ती आली होती चुलतभाऊ काकासाहेबांकडून. दोन वर्षांपूर्वी सर्जेरावांच्या घराच्या वास्तुशांतीला काकासाहेबांना घरी जाऊन बोलावणं झालं नव्हतं, नुसता फोन गेला होता. तेव्हापासून काकासाहेबांनी बोलणं टाकलं होतं. गावी, देवगाव रंगारीत, समोरासमोर आले तरी दोघं आपापल्या चपलांकडे बघत जायचे. अशा भावाकडून दोन वर्षांनी पत्रिका यावी, खाली 'लग्नाला नक्की यायचं, पत्रिका उघडून पाहा' असं लिहिलेलं असावं, आणि ती उघडायची नाही? उद्या तोच म्हणाला असता, माझी पत्रिका बघितलीसुद्धा नाही. सर्जेरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. त्यांनी बोट टेकवलं.

फोननं एक परवानगी मागितली. त्यांनी दिली. मग दुसरी मागितली, तिसरी मागितली. पंगतीत वाढपी पुढ्यात उभा राहिला की नको कसं म्हणावं, तशा संकोचानं त्यांनी सगळ्यांना हो म्हटलं. पत्रिका काही उघडली नाही. "वाळूजला रेंजच नाय," असं पुटपुटत ते उतरले आणि नियमाप्रमाणे फोन गेटवरच्या कपाटात जमा करून कामाला गेले.

तिथं, गेटवरच्या त्या कुलूपबंद कपाटात, सर्जेरावांचा फोन आठ तास एकटाच काम करत होता. दिवसभरात त्यानं सातशे बारा जणांना लग्नाचं आमंत्रण दिलं.

दुपारी तीनला त्यांनी फोन हातात घेतला तेव्हा एक्क्याण्णव मिस कॉल होते. पहिला फोन उचलला तो देवगावच्या गोजरबाई आत्याचा. शेजारच्यानं तिला बातमी दिली होती.

"अमृताचं लगीन ठरलं, आन् सख्ख्या आत्याला असं फोनवर आवतण? मेले का मी?"

"आत्या, कुणाचं लगीन? कायबी नाय."

"मला नको शिकवू. साऱ्या गावाला पत्रिका आलीया."

सर्जेरावांच्या घरात लग्नाची एकुलती एक मुलगी म्हणजे अमृता. त्यामुळे सर्जेरावांकडून पत्रिका आली की लग्न कुणाचं, हे कुणालाच विचारावं लागलं नाही. मेव्हणा रुसला होता. पुंडलिकनगरच्या साडूनं कुटुंबासकट तीन दिवस आधीच येतो, असं कळवलं होतं. आणि या सगळ्यांच्या मधोमध कन्नडच्या अप्पारावांचा एका ओळीचा निरोप होता: 'अभिनंदन. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं.'

तो वाचून सर्जेराव बसच्या पायरीवरच बसले.

अप्पाराव म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांच्या ऋतुराजसाठी अमृताचं स्थळ चाललं होतं. मुलं दोनदा भेटली होती आणि अमृता, जिनं आधीची पाच स्थळं चहा गार व्हायच्या आत नाकारली होती, ती या वेळी काहीच बोलली नव्हती. तिच्या आईनं, आशाबाईंनी, त्याचा अर्थ बरोबर लावला होता. येत्या रविवारी अप्पाराव सुपारी फोडायला यायचे होते. आता त्यांना वाटत होतं की, मुलीचं लग्न दुसरीकडेच ठरलं.

संध्याकाळी अमृता लॅबमधून घरी आली. तिनं बापाच्या हातातून फोन घेतला, नको ते काढून टाकलं, बँकेत कळवून खातं बंद करवलं, पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार नोंदवली आणि मग शांतपणे विचारलं, "पप्पा, तुम्ही उघडली?"

"मी?" सर्जेराव म्हणाले. "मी कशाला उघडू? आजकाल व्हायरस हवेतून येतोय."

आशाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "हवेतून येतोय तर शेजारच्यांच्यात का नाय गेला?"

"त्यांचा फोन साधा हाये."

अमृता हसली नाही. "मग अप्पारावांना तेवढं सांगा. त्यांना वाटतंय आपण फसवलं."

"सांगतो की. उद्या सांगतो. जरा शब्द जुळवतो."

शब्द जुळत नव्हते, कारण खरं सांगायचं तर 'मी फसलो' असं म्हणावं लागणार होतं. ज्या माणसानं सबंध बसला अक्कल शिकवली, त्याच्या तोंडून हे दोन शब्द निघणं सोपं नव्हतं. त्यांनी अप्पारावांना तीनदा फोन लावला, पण तो बंद होता. बंद आहे हे कळल्यावर त्यांना आतून बरंच वाटलं, हेही लपवण्यात अर्थ नाही.

मग रात्री पाणी प्यायला उठले, तेव्हा त्यांना अमृता दिसली. रविवारसाठी काढून ठेवलेली मोरपंखी साडी घडी घालून ती कपाटात ठेवत होती. रडत नव्हती. घडीच्या कडा मात्र पुन्हा पुन्हा जुळवत होती. सर्जेरावांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी चौथं बाक रिकामं होतं. सर्जेराव एसटीनं कन्नडला गेले. अप्पाराव ओसरीवरच बसले होते. त्यांनी या म्हटलं, पण बसा म्हटलं नाही. सर्जेराव उभ्यानंच बोलले.

"अप्पाराव, पोरीचं लगीन कुठंबी ठरलं नाय. ती पत्रिका खोटी हाये, चोरांची. फोनमधी आपोआप नाय शिरली. म्याच उघडली. ज्या बातमीवर मंगळवारी लोकांला हसलो, तिच्यातच फसलो. राग माझ्यावर काढा. पोरीचा कायबी गुन्हा नाय."

अप्पारावांनी आधी घरातून कुणी ऐकत नाही ना, ते बघितलं. मग उठून आत गेले आणि तांदळाचा डबा घेऊन आले. त्यांनी तांदळात हात घालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आपला बंद फोन बाहेर काढला.

"तुमची पत्रिका आली. रागानं अभिनंदन करून टाकलं," ते हळू आवाजात म्हणाले. "मंग वाटलं, आमच्या ऋतुराजला सोडून पोरगा केला तरी कोणता, बघावं तर खरं. म्हणून उघडली."

"आन्?"

"आन् काय! साऱ्या कन्नडात ऋतुराजच्या लग्नाचं आवतण गेलं. कारखान्याची जुनी माणसं हार घेऊन आली कालच सांजच्याला. तव्हापून फोन तांदळात ठेवलाय. म्या उघडली, हे घरात कुणाला सांगितलं नाय अजून."

"तांदळात भिजलेला फोन ठेवतेत, अप्पाराव."

"मला काय म्हाईत? घाम तर लई फुटला होता."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी अप्पारावांचे खांदे हलायला लागले, मग सर्जेरावांचे. हसू थांबल्यावर अप्पारावांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "तुमच्याकडं पोरीचं लगीन गाजलं, आमच्याकडं पोराचं. आता आपल्याकडून फकस्त सुपारी राहिली. बसा."

रविवारी मोरपंखी साडी कपाटातून पुन्हा बाहेर आली आणि सुपारी फुटली.

सोमवारी बसमध्ये सर्जेरावांनी एकच बातमी वाचली, ती स्वतःची. "वाळूजचा कामगार पत्रिका उघडून फसला. वय सत्तावन्न, टोकन नंबर गळ्यात." बस जी हसली, ती स्टेशन येईपर्यंत. सांडूनं मात्र त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या मेव्हण्यानंही उघडली होती म्हणे. निदान तो तरी मेव्हण्याचं नाव सांगत होता.

पण खरी शिक्षा पुढे होती. लग्नाची तारीख निघाली आणि अमृतानं फोनवर पाठवायला सुरेख पत्रिका केली, सनईसकट. ती सगळ्यांना गेली आणि एकानंही उघडली नाही. सर्जेरावांनीच सातशे बारा जणांना एकेक करून बजावलं होतं, की माझ्याकडून पत्रिका आली तर मेलात तरी उघडू नका. लोकांनी त्यांचं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग पत्रिका छापल्या. सांडूची मोटरसायकल मागून घेऊन सर्जेराव सुट्टीच्या दिवशी घरोघर फिरले. प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्याला कुंकू लावलं. पहिली काकासाहेबांच्या हातात दिली. काकासाहेबांनी ती दोन वेळा वाचली आणि म्हणाले, "मला वाटलं, तू फोनच करशील." मग चहा झाला. फोनवरची ती पहिली पत्रिका आपण पाठवलीच नव्हती, हे काकासाहेबांनी सांगितलं नाही आणि सर्जेरावांनीही विचारलं नाही.

सगळ्यात शेवटी गोजरबाई आत्याचं घर. आत्यानं पत्रिका घेतली, उलटसुलट केली, कुंकवावर बोट फिरवून बघितलं. तिच्या कानावर सगळं आलेलं होतं. पत्रिका तशीच मिटलेली धरून तिनं विचारलं, "हे उघडल्यावर काय होत तर नाय ना रं?"

सर्जेरावांच्या तोंडात उत्तर तयार होतं. चौथ्या बाकाला शोभेल असं, खास. ते बोलायला गेले आणि त्यांना घडीच्या कडा जुळवणारी अमृता आठवली. ती साडी आता पेटीत ठेवलेली होती, कन्नडला न्यायला.

"होतंय आत्या," ते म्हणाले. "पोरगी जाती."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि पत्रिका परत त्यांच्या हातात दिली.

"मंग तूच उघड. बस इथं, आन् वाचून दाखव. मला बिगर चष्म्याचं दिसत नाय."

सर्जेराव खाली बसले, पत्रिका उघडली आणि लेकीच्या नावापर्यंत वाचली.