पडद्याआड पुरीभाजी

पुण्याला कॉलेजात जाईपर्यंत आई कधी जेवते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या सांगवीच्या घरात आधी आबांचं ताट व्हायचं, मग आम्हा मुलांचं, मळ्यात कुणी कामाला आलेलं असलं तर त्याचं. आई चुलीपुढून उठायची नाही. सगळ्यांचं झालं की आबांच्याच ताटात स्वतःला वाढून घ्यायची. तोवर भाकरी गार झालेली असायची, कालवण निवलेलं असायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आईलाही नाही.

पुण्यात मी खाणावळीत जेवू लागलो. तिथं वाढपी तव्यावरची पोळी थेट ताटात आणून टाकायचा. पहिल्याच दिवशी तिची वाफ बोटांना लागली आणि मला एकदम वाटलं, आपल्या आईला हे माहीतच नाही. रोज एवढ्या भाकऱ्या थापते, पण टम्म फुगलेली भाकरी तिनं स्वतःसाठी कधी मोडलेली मी पाहिली नव्हती. एकदा तरी तिला गरम गरम जेवायला घालायचं, एवढं मी मनाशी धरलं. हे कुणाला सांगायलाही मला संकोच वाटे. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?

दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर मी चुलीपाशी जाऊन बसलो.

"आये, आज तू आमच्यासंगं बस जेवायला."

"आन भाकरी कोण थापंल? तू?"

"थापतो की."

तिनं पिठाचा गोळा माझ्यापुढं ठेवला. माझी भाकरी परातीतून उचलतानाच फाटली. उरलेला तुकडा मी तव्यावर टाकला, तो दुमडून पडला. आबा दारातून बघत होते. म्हणाले, "कालिजात ह्येच शिकिवत्यात व्हय?" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. माझा बेत तिथंच संपला.

त्याच सुट्टीत आम्ही तिघं निमगाव केतकीला निघालो. माझ्या बहिणीला मुलगा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी बारसं होतं. नुसता चहा घेऊन पहाटेच घर सोडलं. शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून बारामतीला आलो. आईला एस.टी. स्टँडवर बसवून मी आणि आबा वांग्यांच्या पाट्या अडत्याकडं उतरवायला गेलो. तिथं भावावरून आबांची बोलाचाली लांबली. परत येतो तर आमची, निमगाववरून जाणारी इंदापूरची गाडी निघून गेलेली. पुढची गाडी दुपारनंतर होती.

आईच्या मांडीवर गाठोडं होतं. त्यात बाळंतिणीसाठी लाडू आणि आमच्यासाठी भाकरी-ठेचा. ती फडकं सोडायला लागली, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "आबा, आज हाटेलात खाऊया का?"

आबा बाजारच्या दिवशी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत, त्यांना नवल नव्हतं. आई मात्र दचकली.

"मी न्हाय बाई! बापयांत बसून खाऊ व्हय?"

"आत बायकांसाठी येगळी खोली हाय. दाराला पडदा हाय," मी म्हणालो.

"पडदा लावून काय खाऊ घालत्यात कुणाला ठावं!"

आबा उठले. "चल गं. पोरगं कवाधरनं मनात धरून बसलंय." म्हणजे त्यांना कळलं होतं.

पडद्यामागची खोली लहानशी होती. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर आरसा. आई खाली बसायला लागली, तर खांद्यावर फडकं टाकलेला म्हातारा वाढपी म्हणाला, "मावशे, खुर्चीवं बसा. फरशी आत्ताच धुतलीया." ती खुर्चीच्या कडेवर बसली. गाठोडं मांडीवरच. मी तीन ताटल्या पुरीभाजी सांगितली.

ताटल्या आल्या. पुऱ्या फुगलेल्या होत्या, बटाट्याच्या भाजीतून वाफ निघत होती. माझं लक्ष आईच्या हाताकडं होतं. तिनं आपली ताटली जवळ ओढली, गाठोड्याच्या फडक्याचं टोक सोडवून तिच्यावर झाकलं आणि हात मागं घेतला.

"तुमी खावा. मी मागनं."

"आये, हितं मागनं कशाला? हितं तुला काय कुणाला वाढायचं हाय?"

"तुझं आबा जेवल्याबिगर?"

"जेवत्यातच की ते."

"मग जेवू दे."

चूल नव्हती, परात नव्हती, तरी ती चुलीपुढंच बसली होती. वाढप्यानं पडद्यातून डोकं घातलं. "भाजी कशी हाय मावशे?"

"चांगली असंल."

"असंल?" तो बुचकळ्यात पडून निघून गेला.

आबांचं जेवण सावकाश असे, घास घोळवत. ते एक पुरी खाऊन थांबले. झाकलेल्या ताटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि आपली ताटली आईपुढं सरकवली.

"झालं माझं. बस आता."

"आवो, एकाच पुरीत?"

"अडत्याकडं भजी खाल्लीत. प्वाट भरलंय."

आईनं माझ्याकडं वळून विचारलं, "व्हय रं?"

अडत्यानं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "व्हय. लई खाल्ली."

आबांनी पडदा बाजूला करून हाक मारली, "ओ पाव्हणं, हितं कढईतल्या पुऱ्या आणा! फुगलेल्या!" मग तिला संकोच नको म्हणून ते खुर्ची वळवून आरशाकडं तोंड करून बसले. आरशात त्यांना ती दिसतच होती.

वाढप्यानं आबांच्या ताटलीत गरम पुऱ्या टाकल्या. आईनं एक मोडली. वाफ आली तशी तिनं बोटं झटकली. "आगं बया! भाजलं की!"

चुलीतला निखारा बोटांनी मागं सारणारी माझी आई. तिनं बोटांवर फुंकर घातली आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. मी माझं खायचं विसरलो होतो.

"मीठ कमी हाय भाजीत," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पुरी मातूर हलकी हाय." तिनं आणखी पुऱ्या घेतल्या, मला न विचारता, आबांना न विचारता. ताटली पुसून स्वच्छ केली.

वाढपी ताटल्या उचलायला आला. झाकलेल्या ताटलीला त्यानं हात लावला, तसे आबा वळले. "ऱ्हाऊ दे. वाया कशाला घालवायची?" फडकं काढून त्यांनी ती पुढ्यात घेतली. पुऱ्या बसून चिवट झाल्या होत्या, भाजी थिजली होती. आबा भराभर खाऊ लागले. इतक्या घाईनं जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आई बघत राहिली. मग म्हणाली, "भजी खाल्ली व्हती न्हवं?"

"जिरली," आबा तोंडातल्या घासासकट म्हणाले.

आईनं तोंडाला पदर लावला. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. गाठोड्यातला ठेचा काढून तिनं आबांच्या ताटलीत वाढला.

दिवस कलता आम्ही निमगावला पोचलो. बहीण बाळाला घेऊन बसली होती. आईनं नातवाला मांडीवर घेतलं, त्याचं नाक कुणासारखं हे बोलून झालं, आणि मग बहिणीच्या कानाशी वाकून ती हळूच सांगू लागली, "आज हाटेलात जेवले गं. पुरी इतकी गरम व्हती, बोटं भाजली माझी. ही बघ."

बहिणीनं बोटं हातात घेऊन पाहिली. त्यांच्यावर काहीच खूण नव्हती. तरी आई ती पुढं धरून बसली होती.